एक धक्का, तीन दप्तरे

प्रति,
इन्स्टिट्यूट ऑफ सिस्मॉलॉजिकल रिसर्च, गांधीनगर,
नॅशनल सेंटर फॉर सिस्मॉलॉजी, नवी दिल्ली,
महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी), नाशिक
या संस्थांच्या प्रमुखांस

प्रत : आयुक्त, सुरत महानगरपालिका

विषय : तापी-नर्मदा पट्ट्यातील भूकंपनोंदी आणि माती-परीक्षणाची माहिती संशोधकांना एकत्रितपणे खुली करण्याबाबत



भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १८९३ या संहितेच्या २०१६ सालच्या आवृत्तीत देशाची चार भूकंपक्षेत्रांत विभागणी केलेली असून तिच्यात सुरत शहर तिसऱ्या क्षेत्रात, रोजच्या बोलण्यात 'झोन थ्री'त, येते. त्या क्षेत्राचा गुणांक ०.१६ धरलेला आहे. म्हणजे अपेक्षित सर्वांत मोठ्या हादऱ्यात जमिनीला बसणारा झटका गुरुत्वत्वरणाच्या साधारण सोळा टक्क्यांपर्यंत जाईल, असे गृहीत धरून इमारतीचा हिशेब मांडायचा असतो. त्याच आवृत्तीत कच्छसाठी हा गुणांक ०.३६ आहे. या तुलनेमुळे सुरतेला 'मध्यम धोक्याचे शहर' म्हणण्याची सवय पडली असून शहराच्या आग्नेयेस असलेल्या डिंडोलीत रो-हाऊस किंवा फ्लॅट घेणारे कुटुंब 'झोन थ्री' हे शब्द ऐकले की पुढचा प्रश्न विचारत नाही. तो प्रश्न असा की, 'मध्यम' हा शेरा किती पुराव्यावर उभा आहे, आणि तो पुरावा कोणाकोणाच्या दप्तरांत विखुरलेला आहे?

ज्या प्रदेशात भूकंप क्वचित होतात तेथे धोक्याचे मोजमाप सोपे असेल, असा समज सर्वसाधारण आहे, आणि तो चुकीचा आहे. एखाद्या प्रदेशात अमुक परिमाणाचे जितके भूकंप होतात, त्याच्या सुमारे दहापट भूकंप त्याहून एक अंकाने कमी परिमाणाचे होतात, असा गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनी दाखवून दिलेला ढोबळ नियम आहे. (परिमाण म्हणजे भूकंपात मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप, तर तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी जाणवलेला आणि दिसलेला परिणाम, वर्तमानपत्रे दोन्हींसाठी 'रिश्टर स्केल' हा एकच शब्द वापरतात, त्याला आता इलाज नाही.) या नियमामुळे लहान धक्क्यांच्या मोजदादीवरून मोठ्या धक्क्याचा संभव काढता येतो. हिमालयात ही मोजदाद भरपूर असल्याने शंभर नोंदी गहाळ झाल्या तरी हिशेब फारसा बिघडत नाही. दख्खनच्या पठारावर आणि तापीच्या खोऱ्यात मात्र नोंदी इतक्या तुरळक आहेत, की दोन-तीन धक्क्यांची जागा किंवा परिमाण चुकले तरी निष्कर्ष बदलतो. पुरावा जेथे मुळातच थोडा, तेथे तो वाटून ठेवणे परवडण्यासारखे नसते. या पत्राचा मुद्दा एवढाच आहे.

हा मुद्दा महाराष्ट्राने दोनदा मोठी किंमत मोजून अनुभवलेला आहे. द्वीपकल्पाचा खडक प्राचीन आणि स्थिर आहे, ही धारणा ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरच्या भूकंपाने मोडली आणि त्यानंतर १९७० साली भूकंपक्षेत्रांचा नकाशा सुधारण्यात आला. तरीही लातूर आणि धाराशिवच्या सीमेवरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रातच राहिला, कारण तेथे मोठ्या भूकंपाची नोंद नव्हती. याच भागातल्या किल्लारी परिसरात ऑगस्ट १९९२ पासून लहान धक्के जाणवू लागले, त्यांतला १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का चांगलाच मोठा होता, आणि पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी ६.२ परिमाणाचा भूकंप होऊन, दगडमातीच्या जाड भिंतींवर माळवदाचे ओझे पेलणाऱ्या घरांखाली आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. पुढे २००२ च्या आवृत्तीत पहिले क्षेत्रच रद्द होऊन ते दुसऱ्यात विलीन झाले आणि लातूरचा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. भूकंपक्षेत्रांचा नकाशा आपल्याकडे माणसांच्या मागून चालत आलेला आहे, असे म्हणणे कठोर वाटेल. पण १९७० आणि २००२ ही दोन्ही साले तेच सांगतात.

१९९२ च्या धक्क्यांवरून १९९३ चे भाकीत करता आले असते, असे येथे सुचवायचे नाही. धक्क्यांच्या मालिका बहुतेक वेळा मोठ्या भूकंपाविनाच विरून जातात, आणि भूकंपाची तारीख आधी सांगण्याची विद्या कोणाकडेही नाही. धोक्याचे मूल्यमापन ही मात्र वेगळी गोष्ट आहे, कारण तिच्यात 'केव्हा' हा प्रश्न बाजूला ठेवून 'कोठे, किती मोठा आणि किती वर्षांतून' एवढेच विचारले जाते, आणि त्यासाठी भूकंपमापकाच्या पलीकडचे पुरावेही कामी येतात. किल्लारीनंतर सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन या संशोधकांनी तेर येथे जुन्या भूकंपाच्या खुणा शोधल्या. गोरोबाकाकांचे म्हणून वारकऱ्यांना आणि सातवाहनकालीन 'तगर' म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेल्या या गावात त्यांना पहिल्या सहस्रकातील एका मोठ्या हादऱ्याचे संकेत आढळले. म्हणजे 'येथे कधी झाले नाही' याचा अर्थ 'येथे कोणी लिहून ठेवले नाही' एवढाच होता. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीक येथे जानेवारी १९८८ मध्ये बारा तासांत सहाहून अधिक परिमाणाचे तीन भूकंप झाले, तेही अशाच प्राचीन खडकाच्या प्रदेशात. किल्लारीचा अभ्यास करणाऱ्यांना ती तुलना उपयोगी पडली.

आता तापीच्या खोऱ्याकडे वळावे. नर्मदा आणि तापी या नद्या ज्या खोलगट पट्ट्यांतून पश्चिमेकडे वाहतात ते पट्टे जुन्या भ्रंशांनी, म्हणजे खडकांचे थर तुटून एकमेकांवरून सरकलेल्या भेगांनी, आखलेले आहेत. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाहून अधिक परिमाणाचा भूकंप झाला होता. तो खूप खोल असल्याने हानी कमी झाली. २३ मार्च १९७० रोजी भडोचला ५.४ परिमाणाच्या धक्क्यात माणसे दगावली. भडोच सुरतेहून साठेक किलोमीटरवर आहे. २२ मे १९९७ रोजी याच पट्ट्याच्या पूर्वेकडे जबलपूर हादरले. जुलै २०१६ मध्ये खुद्द सुरतेच्या आसपास मध्यम धक्का बसून लोक घराबाहेर धावले. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, धुंदलवाडीच्या परिसरात, धक्क्यांची दीर्घ मालिका सुरू झाली. नाशिक जिल्ह्यात कळवण तालुक्यातील दळवटचे धक्के तेथील रहिवाशांच्या परिचयाचे आहेत, आणि नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातील सावळदा येथे भूकंपमापन केंद्र उभारले गेले ते तापीकाठच्या हालचालींसाठीच. या सगळ्या जागा नकाशावर मांडल्या तर त्यांच्या मधून गुजरात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमा जातात. डिंडोलीच्या दृष्टीने या सीमांना आणखी एक अर्थ आहे, तो असा की, तेथील असंख्य कुटुंबांचे मूळ घर जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला असल्यामुळे ताप्तीलाइनच्या गाडीने एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा माणूस धाब्याच्या घरातून निघून पार्किंगवर उभ्या केलेल्या इमारतीत शिरतो, पण धोक्याचा पट्टा बदलत नाही.

सीमेवरच्या धक्क्याचे काय होते, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. भूकंप झाला की दोन प्रकारच्या लहरी खडकातून निघतात. पहिली, प्राथमिक लहर, वेगाने येते आणि दुसरी, दुय्यम लहर, तिच्या मागून येते. भूकंपमापकावर या दोघींच्या आगमनात जितक्या सेकंदांचे अंतर पडते त्याला ढोबळमानाने आठाने गुणले की त्या केंद्रापासून भूकंपापर्यंतचे किलोमीटर मिळतात. धुंदलवाडीच्या धक्क्याचा भूकंपलेख, म्हणजे भूकंपमापकाने काढलेला आलेख, सुरतेत मिळाला तर त्यात पंधरा-सोळा सेकंदांचे अंतर दिसेल, कारण ही दोन्ही ठिकाणे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास दूर आहेत. एका केंद्रावरून फक्त वर्तुळ काढता येते, तीन केंद्रांची वर्तुळे जेथे छेदतात तेथे भूकंपाची जागा सापडते. परंतु ही केंद्रे भूकंपाच्या एकाच बाजूला असतील तर वर्तुळे एकमेकांना तिरकस छेदतात आणि जागा कित्येक किलोमीटरने सरकते. खोलीचा अंदाज तर त्याहून अधिक चुकतो, कारण खोली नीट काढायची तर भूकंपाच्या अगदी जवळ एखादे केंद्र असावे लागते.

म्हणजे गुजरातच्या जाळ्याला तलासरीचा धक्का उत्तरेकडून दिसतो, नाशिकच्या जाळ्याला तो पूर्वेकडून दिसतो, आणि दिल्लीचे राष्ट्रीय केंद्र देशभर पसरलेल्या केंद्रांवरून त्याची वेळ, स्थान व परिमाण जाहीर करते. प्रत्येक संस्थेचे उत्तर तिच्या परीने बरोबर असूनही तिन्ही उत्तरे थोडी वेगळी असू शकतात. अशा वेळी तीन वेगळ्या याद्या जुळवत बसणाऱ्या संशोधकाला हा एकच धक्का आहे की दोन आहेत, असा प्रश्न पडतो. भूकंपशास्त्रातील या दुहेरी नोंदी काढून टाकणे हे कंटाळवाणे, पण निर्णायक काम आहे. तिन्ही जाळ्यांचे मूळ भूकंपलेख एकत्र करून जागा नव्याने काढली, तर हा प्रश्नच उरत नाही आणि भ्रंशाची रेषा नकाशावर उमटू लागते. जाहीर होणारे निष्कर्ष उपयुक्त आहेतच; पण ज्या लेखांवरून ते काढले ते साधारणतः एकेका संस्थेकडे स्वतंत्र अर्ज करून मागावे लागतात, आणि सुरत किंवा जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला काळ त्यातच जातो.

जुन्या नोंदींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. मे १६१८ मध्ये मुंबईला मोठा भूकंप होऊन दोन हजार माणसे आणि कित्येक गलबते बुडाली, अशी नोंद जुन्या भूकंपसूचींत दीर्घकाळ चालत आली. नंतरच्या अनेक अभ्यासकांच्या मते ते वादळ होते, आणि गलबते बुडाल्याचा तपशील पाहता सामान्य वाचकालाही तसेच वाटेल. पण ज्या पश्चिम किनाऱ्याच्या यादीत मोठ्या भूकंपांची नावे बोटांवर मोजण्याइतकी, तिच्यात हे एक नाव ठेवले किंवा वगळले तरी मुंबई-सुरतेचा हिशेब बदलतो. मोडी दप्तरे, मराठी-गुजराती वर्तमानपत्रांचे जुने अंक आणि मिशनऱ्यांची पत्रे यांतून अशा नोंदी तपासण्याचे काम भूकंपशास्त्रज्ञ एकट्याने करू शकत नाही. मोडी वाचणाऱ्याला संशयित नोंदींची यादी मिळाली, तरच तो कोणते दप्तर उघडायचे हे ठरवील.

खडकातला धक्का इमारतीपर्यंत पोचतो तो मातीतून, आणि येथे महानगरपालिकेचा संबंध येतो. २६ जानेवारी २००१ रोजी भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये असताना तेथून सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या आणि साडेतीनशे किलोमीटरवरच्या सुरतेतही इमारत पडून माणसे मेली. त्यात बांधकामाचे दोष होतेच, विशेषतः तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवल्याने नुसत्या खांबांवर आलेला भार. पण नदीच्या गाळाने बनलेल्या जाड, मऊ जमिनीत हादरा वाढतो, हेही तेव्हा दिसून आले. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल शहरात २८ डिसेंबर १९८९ रोजी केवळ ५.६ परिमाणाच्या भूकंपात तेरा माणसे गेली आणि नुकसानीचा जोर गाळाच्या जमिनीवर अधिक होता. सुरत तापीने आणलेल्या गाळावर वसलेली असून तिच्या दक्षिणेकडील वस्त्यांमधून खाड्या वाहतात. ओलसर, सैल वाळूचा थर जोरात हादरला की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढून तो थर काही काळ द्रवासारखा वागू लागतो. या प्रकाराला द्रवीभवन म्हणतात. असा थर कोठे आहे हे वरून दिसत नाही.

ते पाहण्याची रीत मात्र शहरात सर्रास चालू असते. डिंडोलीत एखादी बहुमजली इमारत उभी राहण्याआधी रिकाम्या प्लॉटवर तीन पायांची घोडी उभी करून बोअर मारले जाते, दर दीडेक मीटरला त्यात एक पोकळ नळी सोडली जाते आणि साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटर उंचीवरून तिच्यावर पुन्हापुन्हा सोडला जातो. नळी पहिले पंधरा सेंटिमीटर आत जाईपर्यंतचे ठोके हिशेबात धरत नाहीत, पुढच्या तीस सेंटिमीटरना लागलेले ठोके वहीत लिहितात, आणि तो आकडा म्हणजे त्या थराची 'एन व्हॅल्यू'. वाळूत दहाच्या आत आकडा आला तर थर सैल, तिसाच्या वर गेला तर घट्ट. मजूर ठोके मोजतो, सुपरवायझर लिहितो, नळीतून निघालेली माती प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठीसह जाते, भूजल कितीवर लागले तेही टिपले जाते आणि सगळ्याचा 'सॉइल रिपोर्ट' बनून फाइलला लागतो. त्या एका इमारतीचा पाया ठरला की अहवालाचे काम संपते. शेजारच्या प्लॉटवर पुढच्या वर्षी तेच बोअर, तेच ठोके.

असे अहवाल एकत्र केले तर शहराखालच्या जमिनीचे चित्र जवळजवळ फुकटात तयार होते. शहराचे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातला हादरा कसा असेल हे दाखवणाऱ्या नकाशाला सूक्ष्मक्षेत्रीकरण म्हणतात आणि त्यासाठी लागणारी एक खर्चिक बाब म्हणजे हीच बोअर. मालकाचे नाव, प्लॉट क्रमांक आणि बिल्डरचे नाव काढून फक्त अक्षांश-रेखांश, खोली, मातीचा प्रकार, एन व्हॅल्यू आणि पाण्याची पातळी एवढेच पाच रकाने संशोधकांना दिले, तर कोणाच्या व्यवहाराला धक्का लागत नाही. परवानगीच्या अर्जासोबत हे पाच रकाने संगणकात भरणे बंधनकारक करणे हा महानगरपालिकेच्या अधिकारातला निर्णय आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, कच्ची माहिती बाहेर गेली तर घबराट पसरेल. घबराटीची भीती खरी आहे. पण गप्प राहिल्याने किंवा धीर देऊन ती टळत नाही. इटलीत लाक्विला येथे एप्रिल २००९ मध्ये भूकंपात तीनशेहून अधिक माणसे गेली तेव्हा आधीच्या लहान धक्क्यांबाबत लोकांना दिलासा दिला गेल्यावरून सहा शास्त्रज्ञांना २०१२ मध्ये शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात ते निर्दोष ठरले, पण जगभरच्या संशोधकांनी त्यातून एक धडा घेतला, तो आकड्यासोबत त्याची अनिश्चितताही सांगण्याचा. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. काकरापार अणुवीज केंद्र आणि उकाई धरण याच पट्ट्यात आहेत आणि त्यांच्या आतली मोजमापे कोणी मागत नाही. पण त्यांच्या आजूबाजूचा खडक गुप्त असू शकत नाही. तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. ज्याने उन्हातान्हात केंद्र चालवले त्याच्या आधी दुसऱ्याने त्या लेखांवर शोधनिबंध छापला तर काय, ही तक्रार रास्त आहे, आणि तिच्यावर ठरावीक मुदतीनंतर माहिती खुली करणे व केंद्राचे नाव छापणे बंधनकारक करणे हा रुळलेला उपाय आहे. युरोपात अनेक देशांनी सीमा ओलांडून एकच भूकंपधोक्याचे प्रतिरूप तयार केले असून त्यात नेदरलँड्ससारखा, १९९२ चा रोअरमाँडचा भूकंप सोडला तर मोठ्या नैसर्गिक भूकंपांशी फारसा संबंध नसलेला देशही आहे. गुजरात आणि महाराष्ट्र यांना त्याहून अवघड काही करायचे नाही.

भाषेचाही एक मुद्दा आहे. धक्का जाणवल्यावर लोकांनी काय अनुभवले, भांडी वाजली का, भिंतीला तडा गेला का, हे विचारून तीव्रतेचा नकाशा काढतात, आणि भूकंपमापके विरळ असलेल्या प्रदेशात ही उत्तरे फार मोलाची ठरतात. सुरतेत ती गुजराती आणि हिंदीबरोबर मराठीतही विचारली पाहिजेत. त्यातही उधना-लिंबायत भागात चोवीस तास चालणाऱ्या लूम्सनी जमीन एरवीही थरथरत असल्याने लहान धक्का तेथे कोणाच्या लक्षात येत नाही, ही गोष्ट उत्तरे वाचणाऱ्या संशोधकाला माहीत असावी लागेल. नाहीतर 'जाणवला नाही' या उत्तराचा तो भलताच अर्थ लावील.

या सर्व कामाला नवी संस्था नको, नवी इमारत नको. सुरुवात तलासरी-डहाणूच्या मालिकेपासून व्हावी, कारण ते धक्के सीमेच्या दोन्ही बाजूंना जाणवले आहेत: नोव्हेंबर २०१८ पासूनच्या धक्क्यांची तिन्ही संस्थांच्या भूकंपलेखांवरून काढलेली एकच यादी, प्रत्येक नोंदीपुढे जागा आणि खोली किती किलोमीटरने चुकलेली असू शकते ते लिहून, गुजराती, मराठी आणि इंग्रजीत प्रसिद्ध करावी, ही विनंती.

कळावे,

डिंडोली, सुरत येथील मराठी रहिवाशांच्या वतीने